साथीची बातमी आली की सासूबाई घर बंद करून घेतात

इंदूरच्या सुदामानगरमधून एका नोकरदार सुनेने विचारले आहे: सासूबाईंचे वय 71 आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, सासरे करोनाने गेले. त्यानंतर सासूबाई सावरल्या असे वाटले होते. पण कुठेही नव्या साथीची बातमी आली की त्या दारे-खिडक्या लावून घेतात, सतत ऑक्सिमीटर लावतात, भाजी साबणाच्या पाण्याने धुतात, 10 वर्षांच्या नातवाला मैदानावर जाऊ देत नाहीत आणि रात्र-रात्र जाग्या राहतात. समजावायला गेले तर म्हणतात, ‘तुम्हाला काय कळतंय, मी पाहिलंय.’ त्यांचे मन कसे सांभाळावे, आणि पुन्हा तशी साथ आलीच तर घरातल्या सर्वांनी काय करावे?

सासूबाईंचे ते वाक्य आधी खरे धरावे लागेल. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत इंदुरात एका खाटेसाठी, एका ऑक्सिजन सिलिंडरसाठी, रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते. खंडवा रस्त्यावरच्या राधास्वामी सत्संगाच्या आवारात माँ अहिल्या कोविड केअर सेंटर उभारावे लागले होते. आणि ज्यांचे माणूस त्या दिवसांत गेले, त्यांपैकी कित्येकांना त्याचे शेवटचे तोंडही धड पाहता आले नाही. त्या काळातून गेलेल्या बाईंना साथीचे नाव ऐकताच धडकी भरत असेल, तर त्या धडकीला मी आजार म्हणणार नाही. त्यामुळे ‘उगीच घाबरता’ हे शब्द घरातल्या कोणीही त्यांच्यापुढे उच्चारू नयेत. घाबरायला त्यांच्यापाशी कारण नाही असे ज्याला वाटते, त्याचे पुढचे बोलणे त्या ऐकणारच नाहीत.

तरीही काळजी कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो, हे ठरवावे लागतेच. या शहरात मानसोपचाराचे काम करताना, आणि दोन्ही लाटांमध्ये कितीतरी घरांशी फोनवर बोलताना, मी त्यासाठी एक कसोटी वापरत आले आहे: खबरदारी घेऊन झाल्यावर मन तिथून सुटते का? मास्क लावला, हात धुतले, लस घेतली, आणि मग माणूस वरणाला फोडणी द्यायला लागला, तर ती खबरदारी. कृती करून झाल्यावर निश्चिंती मिनिटभरही टिकत नसेल आणि तीच कृती पुन्हा करावीशी वाटत असेल, तर तिथे विषाणूपासून बचाव कधीच होऊन गेलेला असतो आणि आपण फक्त भीतीची चाकरी करत असतो. आपण लिहिलेली प्रत्येक गोष्ट या कसोटीला लावून पाहू या.

ऑक्सिमीटरपासून सुरुवात करते, कारण या यंत्राने 2021 मध्ये अनेकांचे प्राण वाचवले आणि नंतर अनेकांची झोप घालवली. त्या काळातली घरे आठवून पाहा. सासूबाई बोट पुढे करतात, ‘जरा बघ गं, किती दाखवतंय?’ सून म्हणते, ‘सत्त्याण्णव.’ ‘मघाशी अठ्ठ्याण्णव होतं. परत बघ.’ बोट थंड असेल, हात थरथरत असेल, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, तर आकडा एक-दोन घरे इकडेतिकडे होतो. निरोगी माणसाचे मापही दिवसभर तंतोतंत सारखे राहत नाही. पण घाबरलेल्या मनाला या यंत्रातून प्रत्येक वेळी नवीन निकाल लागल्यासारखे वाटते. ज्याला ताप, खोकला, धाप काहीही नाही, त्याने ऑक्सिमीटर लावण्याचे कारण नाही. ज्याला खरोखर संसर्ग झाला आहे, त्याने डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांनाच मोजावे, वहीत लिहावे आणि आकडा 94 च्या खाली दिसला, तर बोट चोळून, थोडे थांबून पुन्हा मोजावे. तरीही खालीच राहिला तर लगेच डॉक्टरांना गाठावे.

हे सासूबाईंना एका दिवसात जमणार नाही आणि यंत्र लपवून ठेवणे तर अजिबात करू नये. लपवलेली वस्तू माणूस अधिक जोराने शोधतो. त्यांच्या संमतीने वेळा ठरवाव्यात. पहिल्या आठवड्यात दर चार तासांनी, पुढच्या आठवड्यात सकाळी आणि रात्री, मग दिवसातून एकदा, आणि मग यंत्र कपाटात. मधल्या वेळेत त्यांनी बोट पुढे केले की सुनेने आकडा सांगू नये आणि ‘काही होत नाही हो तुम्हाला’ असेही म्हणू नये. हे दुसरे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण त्याचा परिणाम आकड्यासारखाच होतो: पाच मिनिटे बरे वाटते आणि सहाव्या मिनिटाला पुन्हा विचारावेसे वाटते. त्याऐवजी, ‘आई, आत्ता जीव घाबरा झालाय ना? आपण सातला मोजायचं ठरवलंय. तोवर मी इथेच बसते,’ असे म्हणून खरोखरच शेजारी बसावे. भीती वर चढते, काही वेळ तशीच राहते आणि आपण काहीही केले नाही तरी हळूहळू ओसरते, हा अनुभव त्यांच्या शरीराला पुन्हा पुन्हा आला पाहिजे. आमच्या उपचारपद्धतीतला मोठा भाग एवढाच आहे. तो घरच्यांनी समजून घेतला तर दवाखान्यातले काम निम्मे होते.

भाजी आणि खिडक्या यांबाबत मात्र मी मानसोपचार बाजूला ठेवून सरळ माहिती देईन, कारण चुकीच्या माहितीवर उभी असलेली भीती योग्य माहितीने बरीच कमी होते. करोनाचा विषाणू प्रामुख्याने हवेतून, कोंदट जागेत, माणसांच्या श्वासातून पसरतो. वस्तूंच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या संसर्गाचा धोका फार कमी असल्याचे 2021 पर्यंत स्पष्ट झाले होते. भाजी साध्या वाहत्या पाण्याने धुवावी. साबण पोटात जाणे वाईटच. सासूबाई दारे-खिडक्या लावून घेतात, ते तर उलटेच होते. बाहेरून कोणी आलेले असेल, घरात कोणी खोकत असेल, तर खिडक्या सताड उघड्या हव्यात. ‘खबरदारी सोडा’ असे सांगितले तर त्या ऐकणार नाहीत, पण ‘खबरदारी अशी घ्या’ असे सांगितले तर ऐकण्याची शक्यता आहे, आणि खिडकी उघडणे ही एकदा करून संपणारी कृती आहे. वाफेचेही तसेच: नाक मोकळे वाटते, विषाणू मरत नाही, आणि वृद्ध माणूस उकळत्या पातेल्यावर वाकला की भाजण्याचा धोका मात्र खराच असतो.

आता बातम्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच रोगाच्या साथीबरोबर माहितीची साथही पसरत असल्याचा इशारा दिला होता. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, एका विश्वासार्ह ठिकाणची बातमी पुरेशी असते. ती संध्याकाळच्या आत पाहावी, झोपण्यापूर्वी नव्हे. टीव्ही दिवसभर चालू असेल तर तोच आकडा वीस वेळा कानांवर पडतो आणि मनाला वीस आकडे ऐकल्यासारखे वाटते. इथे इंदूरच्या मराठी घरांतला एक खास प्रकार सांगितला पाहिजे. एक मुलगा पुण्यात किंवा परदेशात असतो. त्याला आईजवळ राहता येत नाही याची टोचणी असते, म्हणून तो दिवसातून तीनदा फोन करतो, व्हॉट्सॲपवर इशारे पाठवतो आणि ‘आईला बाहेर सोडू नका’ असे वहिनीला बजावतो. त्याची काळजी खरी असते, पण ती आईपर्यंत धोक्याची सूचना म्हणूनच पोहोचते. आपल्या घरी असे कोणी असेल तर दीरांशी स्वतंत्रपणे बोलावे: रोज एकच फोन, ठरलेल्या वेळी, व्हिडिओवर, आणि सुरुवात तब्येतीने न करता ‘आज काय केलंस जेवायला’ इथून. हे ऐकायला किरकोळ वाटेल. मी मात्र ते पहिल्याच भेटीत सांगते.

रिकामा वेळ भीतीला फार मानवतो. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मांडला. त्यामागे विषाणूची भीती होती, आप्तांचे मृत्यू होते, रोजगार गेला होता. पण दिवसाचा आकार मोडला, हेही एक मोठे कारण होते असे मला वाटते. सकाळच्या फिरण्याचा गट, कोपऱ्यावरचे पोहे, संध्याकाळचे भजनी मंडळ, ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जाण्याची तयारी, या गोष्टी करमणुकीच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या दिवसाला आधार देणाऱ्या असतात, आणि त्या गळून पडल्या की मन स्वतःभोवती फिरू लागते. म्हणून उठण्याची, अंघोळीची, जेवणाची आणि उन्हात बसण्याची वेळ साथीतही बदलू देऊ नये. रात्री वीसेक मिनिटे झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नये. उठून मंद दिव्यात काहीतरी साधे काम करावे आणि पेंग आली की परतावे. सकाळी उठण्याची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी तीच. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणून देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्यांची सवय लागते, आणि वृद्धांमध्ये त्या घेतल्यावर रात्री तोल जाऊन पडण्याचे, खुब्याचे हाड मोडण्याचे प्रकार घडतात.

भीतीला काम द्यावे, ही कल्पना इंदूरला नवी नाही. प्लेगने गांजलेल्या या शहरासाठी होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते आणि त्यांचा अहवाल 1918 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्या काळात त्यांनी दिवाळीला काढलेल्या मिरवणुकीची हकीकत आजही सांगितली जाते. प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा मिरवणुकीत होती, सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, हारतुऱ्यांसह मानाने चालत होते, आणि ज्या भागात घरांची डागडुजी आणि साफसफाई सर्वांत चांगली होईल तिथूनच मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर झाले होते. लोकांनी गल्ल्या झाडल्या, घरे रंगवली. घाबरलेल्या माणसाला हातात झाडू मिळाला आणि काम संपल्यावर सण मिळाला. सासूबाईंनाही असे काम लागेल, आणि ते दिखाऊ असून चालणार नाही: नातवाला रोज एक श्लोक किंवा पाढे शिकवणे, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींना रोज फोन करणे, घरातल्या औषधांच्या तारखा तपासून यादी ठेवणे. ज्या बाईंवर कोणीतरी अवलंबून आहे, त्यांना स्वतःची नाडी मोजत बसायला कमी वेळ उरतो.

एवढे सगळे केले तरी मला वाटते की आपल्या घरातला खरा प्रश्न याच्या खाली आहे. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. सासूबाईंच्या मनात ती संपलेली नाही, कारण सासऱ्यांचा निरोपच झालेला नाही. त्या वर्षी माणूस रुग्णवाहिकेत बसून गेला आणि परत आला नाही. मुक्तिधामात मोजकी माणसे, दहाव्याला कोणी नाही, तेराव्याला पंगत नाही, घरी भेटायला येणारे नाहीत. आपल्याकडचे विधी कोणी कितीही कर्मकांड म्हणो, ते तेरा दिवस घर भरलेले ठेवतात आणि गेलेल्या माणसाची गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. सांगता सांगता मृत्यू हळूहळू मनात उतरतो. सासूबाईंना ती गोष्ट सांगायला माणूसच मिळाले नाही. त्यामुळे साथीची प्रत्येक बातमी त्यांना थेट त्या एप्रिलमध्ये नेऊन सोडत असेल, तर त्यात नवल नाही.

राहिलेला निरोप उशिराही देता येतो. येत्या वर्षश्राद्धाला किंवा पितृपक्षातल्या तिथीला, त्यांची इच्छा असेल तर, त्या वेळी येऊ न शकलेल्या सर्वांना बोलवावे; अस्थी घाईत कोणीतरी एकट्याने विसर्जित केल्या असतील तर सासूबाईंना घेऊन एकदा खेडीघाटावर नर्मदेला जाऊन यावे. विधी नको असतील तर नुसते एकत्र जेवण चालेल, पण त्या दिवशी सासऱ्यांविषयी बोलले गेले पाहिजे: पहिला ताप कधी आला, दवाखान्यात कोणी नेले, शेवटचा फोन काय झाला. हे बोलताना एक वाक्य बहुधा बाहेर पडेल, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात असते: ‘मीच त्यांना दूध आणायला पाठवलं होतं’, किंवा ‘मीच भरती करू नका म्हणाले’. त्यावर ‘तुमचा काय दोष’ असे म्हणून ते वाक्य लगेच झाकून टाकू नये. ‘असं केव्हापासून वाटतंय?’ एवढेच विचारावे आणि त्यांना पूर्ण बोलू द्यावे. त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते, डॉक्टरांनाही काय ठाऊक होते, हे नंतर, त्या थांबल्यावर, शांतपणे मांडता येते. वियोगाचे दुःख सहा महिन्यांहून अधिक काळ तितक्याच तीव्रतेने टिकून रोजचे जगणे अडवत असेल, तर 2022 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे आणि त्यासाठी वेगळे समुपदेशन असते. आपल्या वर्णनावरून सासूबाईंना त्याची गरज असावी असे मला वाटते; नक्की ते प्रत्यक्ष भेटीतच ठरेल.

शरीराकडेही दुर्लक्ष नको. झोप उडणे, धडधड, वजन घटणे ही थायरॉईडचीही लक्षणे असतात. शाकाहारी घरांतल्या वृद्धांमध्ये बी-12 ची कमतरता सर्रास सापडते आणि ती मनावरही परिणाम करते. पुढे कधी कोणाला करोनासाठी स्टेरॉइड दिले गेले, तर त्याने झोप उडू शकते, माणूस अस्वस्थ, चिडका किंवा अकारण उत्साही होऊ शकतो. आणि आजारी वृद्ध माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र विसरला, तर ‘टेन्शनमुळे’ म्हणून थांबू नये. ऑक्सिजन कमी झाल्याचे किंवा संसर्ग वाढल्याचे ते लक्षण असू शकते आणि तो रुग्णालयाचा विषय आहे.

नातवाला मैदानावर पाठवावे, तेही आजच. हा निर्णय आई-वडिलांनी घ्यावा आणि सासूबाईंशी त्यावर वाटाघाटी करू नयेत; परत आल्यावर तो हातपाय धुऊन आजीशेजारी बसेल, एवढे आश्वासन पुरेसे आहे. मुलांसमोर मोठ्यांनी दबक्या आवाजात बोलू नये, कारण तेच ती कान देऊन ऐकतात.

पुन्हा तशी साथ आली तर, याचे उत्तर आत्ताच, शांत असताना, कागदावर लिहून ठेवावे: कोण आजारी पडले तर कोणती खोली, रुग्णालयाशी घरातला कोणता एकच माणूस बोलेल, विम्याची आणि औषधांची कागदपत्रे कुठे आहेत, भरती झालेल्या माणसाला फोन करण्याची वेळ कोणती. ज्यांची मानसिक आजाराची औषधे चालू आहेत, त्यांच्याकडे महिनाभराचा साठा असावा. 2020 च्या टाळेबंदीत औषध अचानक तुटल्यामुळे वर्षानुवर्षे स्थिर असलेले रुग्ण बिघडलेले मी पाहिले आहेत. 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाल्यापासून डॉक्टरांचा सल्ला फोनवर किंवा व्हिडिओवर घेण्याची रीतसर सोय आहे, ती वापरावी. घरात रोज दारू पिणारे कोणी असेल आणि ती एकाएकी मिळेनाशी झाली, तर दोन-तीन दिवसांत हात कापणे, घाम, भास, झटके येऊ शकतात. त्याला नाटक समजू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

आणि आपण स्वतः. नोकरी, घर आणि सासूबाईंची रात्रीची जाग हे सगळे आपल्याच अंगावर आहे, असे आपल्या पत्रातल्या क्रियापदांवरूनच दिसते. यजमानांचा त्यात कुठे उल्लेख नाही. आईशेजारी सात वाजेपर्यंत बसण्याचे काम त्यांनाही येते. आठवड्यातल्या ठरावीक रात्री त्यांच्याकडे द्याव्यात आणि त्या रात्री आपण दुसऱ्या खोलीत झोपावे.

सासूबाईंचे जेवण कमी झाले, आवडीच्या गोष्टींतून मन उडाले, आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर डॉक्टरांकडे न्यावे. ‘आता मला नेलं तर बरं’ अशी भाषा आली, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाल्या तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दाखवावे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली केंद्र सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे भाषा निवडता येते. बाणगंगेला शासकीय मानसिक रुग्णालय आहे. खासगी तज्ज्ञही शहरात पुष्कळ आहेत. नैराश्यावरची औषधे दिली गेली तर त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नयेत.

मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढल्यावर त्या ‘मला काय वेड लागलंय का’ म्हणतील, अशी शक्यता बरीच आहे. तेव्हा झोपेसाठी जाऊ या, असे म्हणावे. ते खोटे नाही, कारण पहिल्या भेटीत आम्ही झोपेपासूनच सुरुवात करतो. येताना चालू औषधांच्या पट्ट्या, गेल्या वर्षभरातले रक्ताचे अहवाल आणि ऑक्सिमीटरची वही सोबत आणावी, आणि पहिली दहा मिनिटे त्यांना एकट्यांना आत बसू द्यावे.